डबा रिकामा परत करू नये

आमच्या शिवणाच्या खोलीत शिवणासाठी म्हणून विकत आणलेली एकच मोठी वस्तू आहे, ती म्हणजे मशीन. बाकी सगळं स्वयंपाकघरातून नाहीतर औषधांच्या कपाटातून निवृत्त होऊन तिथे आलेलं. बटणं मिसळणाच्या डब्यात, सात वाट्यांत सात रंगांची. बॉबिनी सुपारीच्या डब्यात, रिळं श्रीखंडाच्या डब्यांत, टाचण्या ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बाटलीत. लेस आणि नाड्या दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत. आणि गोधडीसाठी कापलेले तुकडे स्टीलच्या डब्यांत, ज्यांच्यावर दुसऱ्याच लोकांची नावं कोरलेली आहेत.

हे दुसऱ्यांचे डबे मी चोरलेले नाहीत. शेजारून काही आलं तर डबा रिकामा परत करू नये, निदान मूठभर साखर तरी घालावी, असं आईने शिकवलं होतं. मग आपल्याकडे काही चांगलं झालं की पाठवू, चकल्या झाल्या की पाठवू, असं म्हणत डबा राहतो. सहा महिन्यांनी परत करायची लाज वाटते आणि वर्षाने तो आपलाच होतो. कसब्यातल्या आमच्या गल्लीत असे चार डबे मी जमवले.

मुलगी खराडीला नोकरी करते. ती मला फोनवर परदेशातल्या बायकांच्या शिवणाच्या खोल्या दाखवायची. पारदर्शक खोकी, त्यांवर चिठ्ठ्या, खोक्यांत आणखी छोटी खोकी. रिकामे डबे ठेवायला रिकामे डबे विकत घेणाऱ्या माणसांची मला शिसारी येते, आणि हे मी तिला सांगितलंही. तरी एका दिवाळीला तिने तसला एक सेट आणलाच. त्याला नव्या चपलेसारखा वास येत होता. मी तो ह्यांना दिला, विजेची बिलं ठेवायला.

"आई, तुझ्या बटणांना हिंगाचा वास येतो," ती म्हणाली होती. ते खरं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाळाला मी झबलं शिवून दिलं, तर बाळाला जो उचलून घेईल तो विचारी, "पोट दुखतंय का हो ह्याचं? हिंग लावलाय वाटतं." मी मात्र ते कौतुकाने सांगत फिरले. काटकसरीचा माज पैशाच्या माजापेक्षा वाईट असतो, हे मला फार उशिरा कळलं.

आईची दोन पातळं मागे राहिली होती. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की घडी हातात राहायची नाही. एक मला आलं, फिकट निळं, बारीक चौकडीचं. एक ताईला, माझ्या थोरल्या बहिणीला. आई जाऊन वर्ष व्हायच्या आत ताईने तिचं पातळ इतर जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीला दिलं आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला.

"आईचं पातळ देऊन डबा घेतलास?" मी विचारलं.

"विरलं होतं अगं. आणि डबा चांगला जाड आहे," ती म्हणाली, आणि तिने तो वाजवूनसुद्धा दाखवला.

त्यानंतर त्या डब्यातला लाडू मी कधी तोंडात घातला नाही. "मला नको, माझी आई आहे त्यात," असं एकदा चारचौघांत म्हणाले. ताई लाडवांची ताटली पुढे सरकवत राहिली.

माझं पातळ मी कापून चौकोन केले, एका दुपट्याला पुरतील इतके. मुलीचं बाळ पहिल्यांदा ह्याच दुपट्यात गुंडाळायचं, हे ठरलेलं होतं. तिला दिवस गेले तेव्हा हात शिवशिवत होते, पण बाळ येण्याआधी त्याचं काही शिवू नये, त्याचे तुकडेही बाहेर काढू नयेत, हेही आईचंच. त्यामुळे नऊ महिने मी ते चौकोन ठेवलेल्या डब्याला हात लावला नाही.

तो डबा समोरच्या इमारतीतल्या काकूंचा होता. चकल्या घालून आला होता. परत करायचा म्हणून मी त्यात कागदाच्या पुडीत साखर घालून ठेवली, आणि तेवढ्यात त्यांची इमारत पाडायला घेतली नि त्या कुठे लांब राहायला गेल्या. पुढे मला तुकड्यांसाठी डबा हवा होता. मी पुडीवरच तुकडे रचले. कधीतरी डबा परत जाणारच, तेव्हा पुन्हा साखर शोधायला नको, म्हणून पुडी तशीच राहू दिली. एवढा विचार करून केलेला मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

मुलगी सकाळी बाळंत झाली. दुपारी तिचाच फोन आला. "आई, आज्जीचं दुपटं आणतेस ना? इथलं कापड खूप रफ आहे गं." मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत दोन थर टाचून आणते.

डब्याच्या झाकणाला एका बाजूला पोचा होता, तिथे फट राहायची. तो मला माहीत होता, इतकी वर्षं रोज दिसत होता. झाकण काढलं आणि आधी वास आला, खवट, कुबट, ओलसर. मग वरचा तुकडा हलला. मी तो उचलला, तर खालून झुरळं बाहेर पडली, मोठी, पिवळट, आणि त्यांची पांढुरकी पिल्लं. माझ्या मनगटावरून एक बाहीत शिरलं. मी डबा टाकला. सगळं फरशीवर पसरलं. साखरेचा पाक होऊन त्याने तळ धरला होता, त्यात कागद, लेंड्या, राजम्यासारखी अंडी आणि आईचं पातळ. भोकं पडलेलं, चिकटलेलं, तपकिरी.

हे दारात आले, बघून म्हणाले, "तुमच्या संग्रहालयात आता जिवंत प्राणीही आले."

मोरीत जाऊन मी कोपरापर्यंत हात घासले. झुरळांची किळस साबणाने गेली, पण माझी मला आलेली किळस गेली नाही. ताईने निदान डबा तरी मिळवला होता. मी आई झुरळांना घातली होती, आणि तीही शिष्टाचार म्हणून.

मुलीला खरं ते सांगितलं. "ईई," ती म्हणाली, आणि मग घाईघाईने, "जाऊ दे आई. पण प्लीज त्यातलं काही आणू नकोस." बाळ दवाखान्याच्या हिरव्या कापडातच राहिलं. मी त्याला मांडीवर घेतलं तेव्हा ते कापड माझ्याही हाताला टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात आली. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन, त्याच डब्यात. बाळाला बघून झालं, मग मला म्हणाली, "दुपटं कुठाय गं? मला एकदा हात लावायचाय त्याला."

मी बाळाचं हिरवं कापड सारखं करू लागले. ती खाली बघून म्हणाली, "मी दिलं ना तेव्हा, दोन दिवसांनी त्या बोहारणीला शोधत फिरले होते. जुन्या बाजारापर्यंत गेले. ढिगात हात घालून घालून बघितलं. तुला सांगितलं नाही. तू ऐकवलं असतंस."

मी ऐकवलंच असतं. मग मी तिला पोचा, पुडी, पाक, सगळं सांगितलं. तिने मला चार शब्द ऐकवावेत असं फार वाटत होतं. इतक्या वर्षांचं मी तिचं देणं लागत होते. ती एवढंच म्हणाली, "एकही नाही वाचला?"

अकरा वाचले होते. दोनदा सोड्यात उकळले, तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवले, इस्त्री केली. तरी मला त्यांना नाक लावून बघायची सवय लागली. मुलीला विचारायचा प्रश्नच नव्हता. माझ्याच्याने ते शिववेनात. मशीनवर घेतले की बाहीत काहीतरी चाललंय असं वाटे. काकूंचा डबा मी भंगारात दिला, बटणं विजेच्या बिलांच्या जागी, मुलीने आणलेल्या खोक्यांत गेली आणि बिलं ह्यांच्या उशाखाली.

लाडू संपले तशी मुलीने ताईचा डबा माझ्याकडे दिला. मी तो घासला, पुसला, उन्हात पालथा घातला. खरंच जाड होता. झाकण इतकं घट्ट की दोन्ही हात लावावे लागले. डबा रिकामा परत करायचा नव्हता. मी त्यात ते अकरा तुकडे ठेवले आणि ह्यांच्याबरोबर पाठवून दिला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "डबा मिळाला. लागतोय हलका. साखर नाही ना घातलीस?"

"नाही," मी म्हटलं.

"मग उघडते," ती म्हणाली, आणि फोन न ठेवताच तिने झाकण काढलं. तो आवाज मला ऐकू आला. त्यानंतर ती एक, दोन करत अकरापर्यंत मोजत गेली, आणि मी तिला काही ऐकवलं नाही.