सेटअपचं कुलूप

कॉम्प्युटरच्या सेटअपला पासवर्ड कसा घालायचा, हे मॅनेजरसाहेबांना मीच शिकवलं. कुणी विचारलं नव्हतं. शहाणपणा दाखवायची खाज, दुसरं काय! मशीनला तारीख, डिस्क, सगळं ज्या पडद्यावर सांगावं लागतं, तो परक्या माणसाला उघडता येऊ नये म्हणून मी दोनदा करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. परका कोण, तर मी. ऑफिसात ते मशीन चालवणारा मी एकटाच होतो.

परभणीतलं बियाण्यांचं ऑफिस. विद्यापीठाचं नामांतर होणार, होणार अशी कुजबुज चाललेली. मी आत गेलो की बोलणी बंद व्हायची. झरीहून मामानं निरोप धाडला होता, यंदा दसऱ्याला गावाकडं येऊ नको. कारण सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. सकाळीच नांदेडच्या मेकॅनिकनं जुनी डिस्क काढून, तिच्यावरचं सगळं उतरवलेली नवी बसवली, तिचे आकडे चिठ्ठीवर लिहून दिले आणि गाडी धरायला पळाला. आकडे सेटअपमध्ये भरल्याशिवाय मशीनला डिस्क दिसणार नव्हती. संध्याकाळी मालक रब्बीच्या याद्या बघायला येणार होते. मी चिठ्ठी घेऊन मशीनच्या खोलीत शिरायला गेलो, तर साहेब म्हणाले, "थांब. पूजा झालीय. तिथूनच सांग."

मी उंबऱ्याबाहेर. हात मागं. मी सांगायचं, त्यांनी बटणं दाबायची. मशीननं पासवर्ड विचारला आणि साहेब तो विसरले होते. मुलाचं नाव टाकलं. कुलदैवत टाकलं. बायकोचं माहेरचं नाव टाकलं. मशीन ढिम्म. मला हसू फुटलं. त्यांनी ते पाहिलं.

"दात काढू नको. तूच काहीतरी केलं असशील. तुमच्या लोकांना सध्या सगळंच उघडून पाहिजे."

हसू तोंडातच वाळलं. तरी माझी जीभ गप्प बसते का? "पेटी उघडून बॅटरीची वायर काढली की पासवर्ड पुसला जातो," मी म्हणालो.

साहेबांना शॉकची भीती. "ये मग आत. तात्या, तांब्याभर पाणी आणा. हा बाहेर गेला की शिंपडून घ्या."

तात्या म्हणजे आमचे शिपाई. रोज माझ्याकडून बिडी मागून ओढणारे. तांब्या घेऊन दारात उभे राहिले. माझ्याकडं बघेनात.

आणि मी गेलो. वर "हो साहेब" म्हणालो. हे लिहिताना आजही कान तापतात.

पेटी उघडली. वायर काढली. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. लांबून घोषणा ऐकू आल्या. कुणाच्या, कळेना. जवळ यायला लागल्या तसे साहेब उठले, खिडकी लावली, कडी घातली. घोषणा दुसऱ्या रस्त्यानं गेल्या. खोलीत उदबत्तीचा धूर कोंडला.

वायर जोडली. मशीन सुरू झालं. सेटअप काही न विचारता उघडला. आकडे भरले. डिस्क दिसली.

"ऊठ आता. नवा पासवर्ड मी टाकतो," साहेब म्हणाले.

तात्यांनी तांब्या वर उचलला. मी आत बसलेला असतानाच.

मी उठलो नाही.

"पासवर्ड न्हाई लागणार, साहेब. मशीन मी चालवतो. सेटअप उघडाच राहील. आन् तात्या, पाणी शिंपडायचं तर आत्ता शिंपडा. मी हितंच बसलोय."

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. "दिवस कसे आहेत, कळतंय ना? तुझी वस्ती पुलापलीकडंच ना?"

"हाव. तिथंच हाय."

तात्यांनी पाणी शिंपडलं नाही. तांब्या खालीही ठेवला नाही. मी याद्या काढून होईपर्यंत तसेच उभे होते.

घरी आलो तेव्हा आई दाराला आतून खाट लावून बघत होती, पुरते का म्हणून. मी तिला सगळं सांगितलं. म्हणालो, दसरा झाला की दहाच्या ठोक्याला ऑफिसात जाणार. खुर्चीवर बसूनच काम करणार. उंबऱ्याबाहेरून एक बटणसुद्धा सांगणार नाही. कामावरून काढलं तर काढू दे, पण दारात उभं राहून पुन्हा "हो साहेब" म्हणणार नाही.

आईनं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"जा की. पन पाय बघ तुजे, आजून लटलटायलेत. म्हणं वाघ!"