रमणभाऊंच्या कोटाची पाठ

प्रमिला साळवे कामाला वाघ, बोलायला गोड आणि मनात धरून ठेवायला भलतीच पक्की. रमणभाऊंवरचा राग तिने सात वर्षं लोणच्यासारखा मुरवला होता.

राग फुकटचा नव्हता. २००९ साली तिचा नवरा उत्तम मस्कतमध्ये कामावर असतानाच वारला. दर शुक्रवारी चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये मराठी ख्रिस्ती मंडळी भक्तीला जमायची, चाळीसेक कुटुंबं. त्यांनी उत्तमची शवपेटी जालन्याला पाठवली, प्रमिलाला रुसैलच्या एका युनिफॉर्म कारखान्यात शिवणकाम मिळवून दिलं, लेक दीप्तीची अल् घुब्राच्या शाळेतली वर्षाची फी भरली. उपकार खरेच होते. पण मंडळीचे सेक्रेटरी आणि त्याच कारखान्यातले मॅनेजर रमणभाऊ ते विसरू देतील तर शपथ. दर डिसेंबरात उपकारस्तुतीच्या, म्हणजे वर्षभराचे आभार मानायच्या, भक्तीला माईक हातात घेऊन म्हणायचे, "आपली गरीब बहीण प्रमिला, जरा उभी राहा." ती उभी राहायची. टाळ्या व्हायच्या. चौदाव्या वर्षी दीप्तीलाही त्यांनी उभं केलं, आणि तिच्या वर्गातल्या तीन मुली समोरच बसलेल्या. घरी आल्यावर पोरगी म्हणाली, "मम्मी, आय अॅम नॉट गोइंग देअर अगेन." ती पुन्हा गेली नाही. आईने त्याच दिवशी ठरवलं, या माणसाला एकदा भर सभेत मान खाली घालायला लावायची. तेव्हापासून ती संधीची वाट बघत होती.

२०१६ साली मंडळीने सुदानमधल्या लढाईतून निसटलेल्या तीन कुटुंबांना हात दिला. गाद्या, भांडी, मुलांना कपडे. धर्म कुणी विचारला नाही, तेवढं शहाणपण मंडळीत होतं. त्यांतली सकिना बौशरला ड्रायव्हर भावाकडे राहायची. तिच्या गावावर विमानांनी बाँब टाकले होते. त्या डिसेंबरात तिचा व्हिजिट व्हिसा संपायला सहा आठवडे उरलेले. तेवढ्यात कुणी नोकरीचा व्हिसा दिला तर ठीक, नाहीतर परत त्याच आगीत.

भक्तीनंतर प्रमिला या बायकांना शिवण शिकवायची. मंडळीने सकिनाला घरी सरावाला एक जुनं मशीनही दिलं. महिन्याभरात तिचा हात असा बसला, की प्रमिला बघतच राहिली. आणि रमणभाऊंनी काय करावं? ब्लँकेट हातात देऊन सकिनाला सगळ्यांपुढे उभं केलं नि फोटो काढला. प्रमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वर तेच गृहस्थ क्लासमध्ये येऊन म्हणाले, "प्रमिलाताई, माझा कोट सकिनाकडूनच शिवून घ्या. उपकारस्तुतीला घालतो, सगळ्यांना दाखवतो."

माणूस आपण होऊन तावडीत आला! रमणभाऊ प्रार्थना करताना दोन्ही हात वर फेकायचे, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक. कोट सगळा सकिनाने शिवला. पाठ जोडायची वेळ आली तेव्हा प्रमिला म्हणाली, "आण, ही मी करते." आणि पाठीची शिवण तिने नुसत्या कच्च्या दोऱ्याने घातली. मापं जुळवायला घालतात नि मग उसवून टाकतात, तोच दोरा. हात वर गेले की कोट मानेपासून कमरेपर्यंत उघडणार. त्या टर्रर्र आवाजाचा विचार करून तिला शिवतानाच हसू फुटत होतं. बटणं आणि इस्त्रीसाठी कोट तिने सकिनाच्या हवाली केला आणि उपकारस्तुतीच्या शुक्रवारची वाट बघू लागली.

पण शुक्रवार उजाडायच्या आधी रविवार आला, तिथला कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस. सकाळीच रमणभाऊ सकिनाकडून आणलेला तो कोट घालून कारखान्यात हजर. थेट ओमानी मालकापुढे, अर्बाबपुढे, उभे.

"अर्बाब, कोट शिवायच्या टेबलाला माणूस हवा म्हणत होतात ना? हा त्या सुदानी बाईच्या हातचा."

प्रमिलाने आपलं मशीन थांबवलं. या माणसाने सकिनासाठी शब्द टाकला होता, आणि तिला पत्ताच नव्हता. वाईट माणूस पुरता वाईट असता तर किती बरं झालं असतं!

"उतरव," अर्बाब म्हणाला. त्याने कोट उलटा केला. पाठीच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे रोवले.

ओरडावं तर कारण काय सांगायचं? आणि नाही ओरडलं तर सकिनाचे सहा आठवडे संपले.

अर्बाबने जोर लावून कापड ओढलं. पुन्हा ओढलं.

शिवण हलली नाही. एकाला एक लागून दोन पक्क्या शिलाया होत्या.

"झेन," त्याने पसंतीची मान हलवली. "तिला पासपोर्ट घेऊन यायला सांग. यल्ला, लवकर."

"तुमच्याच हाताखाली देतोय तिला," रमणभाऊ प्रमिलाजवळ येऊन हसत म्हणाले. तिला त्यांच्याकडे बघवेना.

सुटी झाल्यावर ती तडक बौशरला गेली. सकिनाने चहा टाकला. अर्धी अरबी, अर्धी हिंदी, अशी दोघींची भाषा. त्या भाषेत प्रमिलाने काही न लपवता सगळं सांगून टाकलं.

"इस्त्री करताना दिसला मला तो दोरा," सकिना म्हणाली. "आधी वाटलं, विसरलीस. पण तू विसरणाऱ्यांतली नाहीस. मग मीच वरून दोन पक्क्या शिलाया घातल्या."

"मला त्याला खाली बघायला लावायचं होतं ग. तुझाही सूड होता त्यात. तुलाही त्याने उभं केलं होतं."

"केलं होतं. ब्लँकेट घेतलं नि बसले मी." सकिनाने कप तिच्यापुढे सरकवला. "कोट फाटला असता तर मंडळीने विचारलं असतं, शिवला कुणी. मग काय सांगितलं असतंस तू?"

प्रमिलाने कप उचलला नाही. काय सांगितलं असतं, ते तिला नीट माहीत होतं. ती गप्प बसली असती, आणि नाव सकिनाचं आलं असतं.