खळ्यात हरवलेला दात

आमच्या घरात दुखरा दात उपटायचा, एवढंच औषध होतं. वडील किन्हवलीजवळ दुसऱ्याच्या खाचरात राबले आणि चाळिशीतच बोळके झाले. पुढे भाकरी ताकात कुस्करून खात. डॉक्टर शहापूरला, आणि शहापूरला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. त्या पेंढ्याच्या छपराखालून मी बी. ए. झालो, गावात पहिला. हे मी मिरवतो, आणि का मिरवू नये?

पण घरात त्या बी. ए.ला काय किंमत होती, ते दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कळलं. माझी चार वर्षांची मुलगी खळ्यात धावताना मळणीच्या खांबावर तोंडघशी आपटली. रक्त थांबलं तेव्हा वरचा पुढचा दात जागेवर नव्हता.

आई लगेच सूप घेऊन खळ्यातलं भूस पाखडायला बसली. आमच्याकडे पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून घरावर टाकतात. नाही टाकला तर नवा येत नाही, अशी तिची खात्री.

"आई, गिळला असेल तिनं."

"गिळला म्हनं! आनि गावला नाय तर घरावर काय टाकू, तुझी बी. ए.?"

बायकोही दुसरं सूप घेऊन बसली. रोज तेच. शाळेत शिकवून घरी यावं तर अंगणभर भूस, आणि मुलगी सुजलेल्या ओठानं विचारतेय, "गावला?"

शेवटी आईनं मुरबाडच्या बाजारात दात उपटून देणाऱ्या माणसाला घरी आणलं. त्यानं हिरडीवर बोट दाबलं, पोर किंचाळली.

"मूळ रायलंय आत. चिरून काढतो."

"काढ रे बाबा," आई म्हणाली, "तेवढं तरी टाकीन घरावर."

माझं डोकंच फिरलं. "हात लावायचा नाय पोरीला!" मी ओरडलो, कॉलेजातली शुद्ध भाषा तेव्हा कुठे पळाली कोण जाणे. माझा एक सोबती मुंबईत दातांचा डॉक्टर झाला होता. हिरडीच्या आतलं क्ष-किरणांच्या फोटोत दिसतं, हे त्यानंच मला सांगितलेलं. निघालो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं; कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार चढावर बंद पडली, उतरून ढकलली. आई बरोबर होतीच, आणि वाटभर तिची कुरकुर: "फोटू काढायला दात तर पायजे. नाय त्याचा कसला फोटू?"

डॉक्टरनं काळ्या कागदातली इवलीशी फिल्म मुलीच्या तोंडात धरली. ती त्याच्या बोटाला कडकडून चावली. दुसऱ्या खेपेला आईनंच तिचं डोकं धरलं.

धुतलेली फिल्म त्यानं खिडकीशी धरली. दात पडलाच नव्हता. आपटल्यासरशी तो सबंध हिरडीत घुसला होता. त्याच्याही वर, हाडात, पक्का दात तयार होत होता.

"चिरलं असतं तर या पक्क्या दाताला इजा झाली असती," डॉक्टर म्हणाला. "काही करू नका. दुधाचा दात बहुतेक आपण होऊन खाली येईल."

आई फिल्मला नाक लावून बघत राहिली. "मेल्या, हितं लपलायस काय! आनि मी भूस पाखडतेय!" मग माझ्याकडे वळली. "तुला ठावं होतं, तर पैल्या दिशीच का नाय आनलंस रे?"



होळीच्या सुमारास दात खाली आला. पुढे वेळ झाल्यावर तो आपोआप पडला, आणि आईनं तो आमच्या नव्या कौलांवर टाकला. त्याच्या जागी पक्का दात आला, सरळ आणि धड.