धारेची साडी

लग्न होऊन वडगाव निंबाळकरला आले तेव्हापासून संध्याकाळ म्हणजे धार, हे ठरलेलं. माझा हात लागल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. आधी तिची आई होती, आता ही आहे, खोड तीच. लग्नकार्यात अक्षता पडल्या की मी निघायची. माहेरी कळंबला गेले तरी दिवस कलायच्या आत परत. आई म्हणायची, अगं जरा टेक की. टेकते कसली, जीव सगळा गोठ्यात.

यंदा थंडीत ह्यांनी हट्टच धरला, माळावरच्या राखीव रानात हरणं बघायला जाऊ. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "आक्का, तुमी जावा. धारेची साडी तेवढी ठेवा, ती नेसून बसते मी." म्हशीला वासाने फसवायची ही जुनी युक्ती. पण आमची म्हैस वस्ताद, ती काही फसायची नाही असं मला वाटत होतं. तरी शेणादुधाच्या वासाची ती विरलेली साडी खुंटीला अडकवली आणि निघाले.

रान कसलं, नुसतं पिवळं गवत आणि मधूनमधून बाभळी. तिथल्या निसर्ग केंद्रात भिंतीवर लांडगा, खोकड, चिंकारा यांची मोठी चित्रं होती. हे एकेक वाचत हिंडले. मी बाकावर बसले. खरं सांगते, त्या सगळ्यात मला तो बाकच आवडला. पायांचे तुकडे पडले होते.

तिथला वनरक्षक म्हणाला, "ताई, हरणं दिवस कलल्याशिवाय भाईर येत न्हाईत. बसा निवांत."

म्हणजे नेमकी धारेची वेळ. मी ह्यांना म्हटलं, "चला, म्हैस तटून बसली आसंल."

"आज तरी बस की गं," हे म्हणाले.

बसले. सावल्या लांबल्या तसा जीव वरखाली व्हायला लागला. तेवढ्यात जावेचा फोन आला. "आक्का, दिली की म्हशीनं धार. बादली भरली. साडीच्या वासानं गप उभी ऱ्हायली."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता. पण अर्ध्यावर सोडलेली लग्नं आठवली, आईचं जरा टेक म्हणणं आठवलं. आई आता नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्यावाचून अडतंय. अडत होतं त्या चिंधीवाचून.

"अगं बघ, निघाली," हे हळूच म्हणाले.

मी पदराने डोळे पुसून वर बघितलं, तोवर गवत तेवढं हलत होतं.

"दिसली का?"

"न्हाय," मी म्हटलं. "उद्या परत येऊ. साडी हाय की घरी."