मांजरासाठी पाळलेली शांतता

समस्त पुणेकरांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या घरातला आवाज काही दिवस बंद होता. आवाज म्हणजे माझा. मी फोनवर बोलायला लागलो की खालच्या मजल्यावर आमच्या नातेवाइकांची खुशाली पोचते. असा मी, एका मांजरीपायी मुका झालो.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून बायकोला घर रिकामं वाटत होतं. "अगं, मी आहे की," मी म्हणालो. "तुम्ही ऐकू येता, तेवढंच," ती म्हणाली आणि भटक्या मांजरांना घर मिळवून देणाऱ्या एका बाईंना फोन केला. बाई पिंजरा घेऊन आल्या. मांजरी मंडईतली, नारळाच्या गाळ्याखाली वाढलेली. गाळा पाडला तेव्हा त्यांनी तिला उचललं होतं.

पिंजऱ्याचं दार उघडलं आणि मांजरी कपाटामागे गेली. गेली ती गेलीच.

"धीर धरा," बाई म्हणाल्या. "ओढून काढू नका. रविवारी येते मी. तोवर अशीच दडून राहिली तर तिला दुसरं घर बघू."

बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की गुन्हेगार कोण हे तिथेच ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात कडक शासन. बेलची तार काढली. मिक्सर बंद. कुकर शिट्टी देतो म्हणून भात पातेल्यात. मोहरी तडतडते म्हणून फोडणीसुद्धा बंद, आणि सदाशिव पेठेत जन्मलेला मी बिनफोडणीची आमटी निमूटपणे प्यायलो. कामावरून रजा घेतली, कारण माझी स्कूटर सुरू होताना खोकते. बायको कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसायची, शेजारी मासळीची बशी. मांजरी बाहेर येईना. आम्ही झोपल्यावर चार घास खात असावी. शनिवारी बायकोने बशी उचलताना डोळे पुसले. मग मात्र मी श्वासही बेताने घेऊ लागलो.

रविवारी दारावर हलकी टकटक झाली. मला वाटलं, आल्या बाई न्यायला. दार उघडलं तर वरच्या काकू, पांढरी साडी, हातात झाकलेलं पातेलं, मागे भाताचा डबा घेऊन काका. घरात कोणी गेलं की चूल पेटत नाही, म्हणून आमच्याकडे शेजारी पिठलं-भात आणतात. तसं आणलं होतं.

काकूंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. पातेल्यावरचं झाकण निसटलं आणि घणघणत जिना उतरत थेट तळमजल्यावर गेलं.

"काकू," मी कुजबुजलो, "कोण गेलं?"

"तुम्ही," काकू म्हणाल्या. "आवाज नाही, स्कूटरवर धूळ, हिचे डोळे सुजलेले. आणखी काय समजायचं माणसाने?"

बायकोला हसू फुटलं. ते पाहून माझा आठवडाभर कोंडलेला आवाज असा सुटला की खालून कोणीतरी ओरडलं, "अहो, आहेत, आहेत." काका हसता हसता भाताच्या डब्यावर बोटं वाजवू लागले. या सगळ्या गदारोळात मांजरी शेपटी ताठ करून बाहेर आली, काकूंच्या पायाला अंग घासून बशीपाशी बसली आणि शांतपणे मासळी खाऊ लागली. आम्ही सगळे थिजलो. आम्ही गप्प झालो तशी तिने मान वर करून कपाटाकडे पाहिलं.

"बोलत राहा," दारातून आवाज आला. मांजरवाल्या बाई, एका हातात रिकामा पिंजरा, दुसऱ्यात काकूंचं झाकण. "मंडईत वाढलेली आहे ती. एवढ्या शांततेत तिला वाटलं असेल, काहीतरी भयंकर झालंय." त्यांनी झाकण काकूंना दिलं. पिंजरा जमिनीवर टेकवलाच नाही.

बायकोने माझा हात घट्ट धरला आणि माझ्या कानात म्हणाली, "बोला हो, काहीही बोला." मी बोलू लागलो.

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मांजरीकडे, पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे तुम्ही आहातच, आणि वर हे मांजरही राहणार."