जपून ठेवलेल्या लेन्स

आम्हा बहिणींची अक्षरओळख पत्रकांवर झाली. नाना, म्हणजे आमचे वडील, चोपडा गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. जळालेली मोटार खोलायची, आतली करपलेली तार उपसून काढायची, नवी गुंडाळायची, वॉर्निश द्यायचं आणि मोटार परत केळीच्या मळ्यात पाठवायची. त्यातून वेळ उरला की पत्रकं. हुंड्याविरुद्ध, अंगात येणाऱ्या बुवांविरुद्ध, शाळेतल्या कोरड्या नळाविरुद्ध. पिवळ्या, गुलाबी, पोपटी कागदावर छापलेली ती पत्रकं नाना बाजाराच्या दिवशी वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही गणितं सोडवायचो. मला ‘ससा’च्या आधी ‘शोषण’ वाचता यायला लागलं, असं आई चेष्टेने सांगते. खरंही असेल.

त्यातलं एक पत्रक ‘वापरा आणि फेका’ या चालीविरुद्ध होतं. नानांचं लाडकं. जी वस्तू दुरुस्त होत नाही ती घरात आणायची नाही, असा त्याचा शेवट होता, आणि आमच्या घरात तो कायदा होता. चपलेचा अंगठा तीनदा शिवला जाई. वाढदिवसाला फुगे नसत. लग्नाच्या पंगतीत आम्ही घरून नेलेल्या ताटल्यांत जेवायचो आणि लोक हसायचे. मला त्या हसण्याचं कधी काही वाटलं नाही. आजही वाटत नाही. एवढं आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्याने ते पत्रक खोटं ठरत नाही.

आई डाव्या डोळ्याने बघू शकत नाही. तिचा नंबर लहानपणापासून वाढत गेला. मुलीच्या डोळ्यांकडे तेव्हा कोण बघणार? फळा दिसत नाही म्हणून तिने शाळा सोडली. मी दहावीत असताना एका सकाळी भाकरी थापताना तिला डाव्या बाजूने काळा पदर खाली उतरत आल्यासारखं दिसलं. डोळ्यातला पडदा सुटला होता. जळगावला ऑपरेशन झालं, नजर आली नाही. डॉक्टरांनी आम्हाला चित्र काढून समजावलं होतं: नंबर फार वाढतो तेव्हा डोळ्याचा गोळा लांबत गेलेला असतो, आतला पडदा ताणला जातो, पातळ होतो, कधी फाटतो. तेव्हापासून आई चहा ओतते तो बशीच्या डाव्या काठावरून सांडतो. डावीकडून कोणी जवळ आलं की ती दचकते.

धाकटी माझ्याहून बारा वर्षांनी लहान. दुसरीत तिला चष्मा लागला. तिसरीत काचा बदलल्या, चौथीत पुन्हा. नंबर वाढला की काच कडेला जाड होत जाते, आणि तिच्या काचा आईच्या काचांच्या जाडीकडे निघाल्या होत्या. पाचवीच्या सुट्टीत फाटकात उभ्या असलेल्या मला तिने ओसरीवरून विचारलं, “कोण आहे?” चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. आईने हातातलं सूप खाली ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही चौघं जळगावला निघालो.

डोळ्यांच्या मॅडम सावकाश बोलणाऱ्या होत्या. साध्या चष्म्याने हिला फळा दिसेल, पण डोळ्याचं लांबणं थांबणार नाही, त्या म्हणाल्या. लहान मुलांसाठी वेगळ्या लेन्स निघाल्या आहेत. त्यांचा मधला भाग बघण्यासाठी, आणि भोवतीची वलयं डोळ्याचं वाढणं मंद करण्यासाठी.

“नंबर उतरेल?” नानांनी विचारलं.

“नाही. आहे तो राहणार. पुढची वाढ मंदावेल. सगळ्याच मुलांमध्ये सारखी नाही, पण हिच्या बाबतीत मी वाट बघणार नाही. आईंचा डोळा बघितलाय ना तुम्ही.”

“आणि या किती वर्षं टिकतात?”

“एक दिवस.”

नानांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मॅडमनी पुन्हा सांगितलं. सकाळी नवी जोडी घालायची, झोपण्याआधी काढून टाकून द्यायची. धुऊन परत घालायची नाही, पाणी लावायचं नाही. शाळेत, खेळताना, दिवसभर घालायची, आणि आठवड्यातले बहुतेक सगळे दिवस. शिवाय रोज मोकळ्यावर खेळायचं. हे शेवटचं ऐकून मला हसू आलं, तेही रागाचं. आमच्या शाळेच्या मैदानावर क्लासची इमारत उभी राहून दोन वर्षं झाली होती. मुलींना उन्हात पाठवायचं नाही, काळ्या पडतील, हे गल्लीतल्या प्रत्येक घरात. मुलांना दिवसभर भिंतीत कोंडायचं, वीतभर अंतरावरच्या पुस्तकाला जुंपायचं, आणि मग डोळे गेले की घराण्याला बोल लावायचा. यावर मी पत्रक लिहीन, असं मी तिथेच बसून ठरवलं.

जिन्यात नाना थांबले आणि घरच्या अहिराणीत म्हणाले, “रोज नवी जोडी फेकानी? डोया शे का चहाना कप?”

आई दोन पायऱ्या खाली होती. वळूनही न बघता म्हणाली, “मन्हा डोया देखी ल्या, मंग बोला.”

लेन्स घरी आल्या. चंदेरी कागदाने बंद केलेल्या इवल्याशा डब्या, प्रत्येकीत थेंबभर पाणी आणि त्यात ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी गोष्ट. पहिल्या दिवशी धाकटीने अंगणात आरसा मांडला. नाना मदतीला आले तर म्हणाली, “नाना, तुम्ही पलीकडे व्हा. तुमच्या हाताला वॉर्निशचा वास येतो. मी काही मोटार नाही.” चौथ्या प्रयत्नात लेन्स बसली. मग ती दिवसभर नाकावर नसलेला चष्मा बोटाने वर सरकवत राहिली आणि आम्ही तिला हसत राहिलो. आई जास्त हसली.

मी धुळ्याला परतले. तिथे मी शिकत होते, एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते आणि नानांसारखी पत्रकंही लिहीत होते. महिन्यातून एखाद्या रविवारी घरी यायचे. धाकटी एसटी स्टँडवर घ्यायला यायची, डोळ्यांवर चष्मा नसायचा, लांबूनच हाक मारायची, “अक्का!” पुढच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आले तेव्हाही तसंच. लिंबाला झोका बांधलेला, ती उभ्याने उंच जाऊन वरून ओरडत होती, “अक्का, तुझ्या ओढणीला शाई लागलीय!” खरोखरच लागली होती. मला वाटलं, चाललंय. लेन्स काम करतायत.

आखाजी झाल्यावर तपासणीसाठी जळगावला गेलो. धाकटीने दारातच लेन्स काढून नानांच्या रुमालात ठेवल्या, कारण टाकायला तिचा हात धजेना. मॅडमनी यंत्राला तिची हनुवटी टेकवली, डोळ्याची लांबी मोजली, मग पुन्हा मोजली. मग जुने आकडे काढून बघितले. त्यांनी आकड्यांचा कागद आमच्याकडे फिरवला. नंबर सव्वाने वाढला होता. आधीच्या वर्षी वाढला होता तितकाच.

“लेन्स रोज घालतेस ना बाळा?” त्यांनी विचारलं. “कारण तुम्ही पुढच्या लेन्स न्यायला आलाच नाहीत. मला वाटलं दुसरीकडून घेताय.”

धाकटीचा चेहरा उजळला. वर्गात येणारं उत्तर विचारल्यावर उजळतो तसा.

“दुसरीकडून नाही हो. अजून पुष्कळ शिल्लक आहेत. मी जपून वापरते.”

“जपून म्हणजे?”

“म्हणजे गॅदरिंगला. लग्नाला. अक्का येणार असली की. इतर वेळी चष्मा आहेच की. रोज फेकल्या तर किती प्लास्टिक होईल!” आणि ती नानांकडे बघून हसली.

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. मी नानांकडे बघितलं आणि मला कळलं की त्यांना हे माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं. त्यांनी तिची पाठ थोपटली होती. धाकटीने नंतर सांगितलं, एकदा शाळेत जाताना तिने डबी उघडायला घेतली आणि परत ठेवली, तेव्हा नाना म्हणाले होते, “शाब्बास. याला म्हणतात जपणं. कंपनी तर रोज घाला म्हणणारच, त्यांना विकायच्या असतात.” आई सकाळी चुलीपाशी असायची, आणि संध्याकाळी चष्मा दिसला की तिला वाटायचं, शाळेतून येऊन लेन्स काढल्या असतील.

हे कोणत्या घरात घडू शकतं ते मला माहीत आहे. आमच्याच. दुसऱ्या घरांत मुलं लेन्स घालायला कंटाळतात, डोळे चुरचुरतात म्हणून रडतात. आमच्या मुलीने तत्त्वासाठी घातल्या नाहीत. शाळेच्या भाषण स्पर्धेत तिने नानांचं पत्रक पाठ म्हणून बक्षीस आणलं होतं. त्यातल्या प्रत्येक शब्दावर तिचा विश्वास होता. मोठ्यांनी बोलायच्या आणि लहानांनी पाळायच्या गोष्टी असतात, तसं तिने ते पाळलं.

“ज्या दिवशी घातल्या त्या दिवशी छान दिसायचं मला,” धाकटी हळूच म्हणाली. आपण काहीतरी चुकलो हे तिला कळायला लागलं होतं. “मग जे वाढलं ते आता रोज घातल्यावर परत कमी होईल ना?”

“नाही बाळा,” मॅडम म्हणाल्या. “लांबलेला डोळा आखूड होत नाही. पण इथून पुढचं आपल्या हातात आहे थोडंफार. थोडंफारच.”

बाहेर बाकड्यावर बसलो. मला नानांशी भांडायचं होतं. शब्द तयार होते, तेही त्यांनीच शिकवलेले. पण वयाची साठी जवळ आलेला तो माणूस मांडीवर रुमाल घेऊन बसला होता आणि रुमालात सुकून चुरगळलेल्या त्या दोन लेन्स होत्या. मी आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या विरोधात लिहीत आले. इथे विरोधात लिहायला माणूसच नव्हता. नफेखोर असता, बुवा असता, मुलीला ओझं मानणारा बाप असता, तर मी त्या रात्रीत चार पानं छापली असती. आमच्या घरात शत्रू नव्हता, आणि तरीही मुलीचं एक वर्ष गेलं होतं.

बोलली ती आई. आवाज न चढवता, समोरच्या भिंतीकडे बघत. “इतला पत्रकं लिखात. मन्हा डोयावर एक तरी लिखं का?”

नानांनी मान खाली घातली. लिहिलं नव्हतं. मीही लिहिलं नव्हतं, हे तिने म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं.

परतीच्या एसटीत धाकटी नानांशेजारी खिडकीत बसली. मी आणि आई मागे. तापीचा पूल गेला, केळीचे मळे सुरू झाले. नाना एरवी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलतात. त्या दिवशी कंडक्टरने “काय नाना, आज मौन का?” म्हणून टोमणा मारला तरी ते नुसते हसल्यासारखे झाले. बऱ्याच वेळाने धाकटीचा आवाज आला.

“नाना, मी आता रोज फेकल्या तर चालेल? तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?”

आईने माझा हात घट्ट धरला. एक अकरा वर्षांची मुलगी स्वतःचे डोळे वाचवायची परवानगी मागत होती, आणि तीही बापाचं मन दुखू नये म्हणून.

“फेक माय,” नाना म्हणाले. “बठ्ठ्या, सगळ्या फेक.” आणि तोंड फिरवलं. खिडकी तर दुसऱ्या बाजूला होती. वाटेत उभ्या असलेल्या माणसाच्या पिशवीकडेच ते कितीतरी वेळ बघत राहिले.

याला दोन वर्षं होऊन गेली. धाकटी रोज लेन्स घालते, रोज टाकते. संध्याकाळी नाना दुकान बंद करून तिला तालुक्याच्या मैदानावर नेतात आणि गल्लीतल्या आणखी चार मुलींनाही गोळा करतात. त्यांच्या आया कुरकुरतात, नाना ऐकत नाहीत. नंबर अजून वाढतो, पण रांगत वाढतो. मॅडम समाधानी आहेत. आम्ही समाधानी आहोत असं मला म्हणता येत नाही, कारण त्या वाया गेलेल्या वर्षाने तिला अशा आकड्याच्या पलीकडे नेलं की आता दर वर्षी आईसारखाच तिचाही पडदा तपासावा लागतो. नानांनी त्यानंतर पत्रक काढलेलं नाही. मी लिहा म्हणते. ते म्हणतात, तू लिही. म्हणून हे लिहिते आहे, आणि लिहिताना मला घोषणा सुचत नाहीत.

परवाच्या तपासणीला दोघींच्याही डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्या की तासभर धड दिसत नाही, डोळे मिटून बसावं लागतं. बाकड्यावर नाना मध्ये, आई त्यांच्या एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला. लेन्स काढल्या होत्या म्हणून धाकटीने चष्मा आणला होता. दोघींचे चष्मे सांभाळायला नानांकडे दिलेले, एक या हातात, एक त्या हातात.

धाकटीने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, “नाना, माझा कुठला ते हातानेच ओळखता येतो का?”

नानांनी अंगठे दोन्ही काचांच्या कडांवरून फिरवले. पुन्हा एकदा फिरवले.

“अजून येतो,” ते म्हणाले.