वरच्या खोलीचा किराया

लाखनीत घरमालक पुष्कळ आहेत, पण घरमालक होण्यासाठीच जन्माला आलेला माणूस मी एकच पाहिला, आणि त्याच्याच वरच्या खोलीत मी काही वर्षं किरायानं राहिलो. तसे हे घरमालक काका आयुष्यभर राइस मिलमध्ये मशीनवर होते. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मिलची तुटपुंजी पेन्शन, थोडा धान आणि माझा किराया, एवढ्यावर त्यांचं चाले. पण चौकात कोणी विचारलं तर यातलं शेवटचंच काय ते सांगत. "आमच्या इथं किरायादार हाये, शाळेत गुर्जी हायेत," हे ते अशा थाटात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी घरी हत्ती पाळला आहे.

किरायादार आहे म्हटल्यावर नियम आलेच. जिन्यात चपला वाजवायच्या नाहीत, दुपारी नळ सोडायचा नाही, खिडकीत टॉवेल वाळत घालायचा नाही. हे नियम सारखे बदलत, आणि बदललेला नियम सांगायला काका स्वतः जिना चढून येत. आले की खाटेवर बसत आणि नियम सांगून झाला तरी तासभर उठत नसत. माझ्या भाजीचा वास खाली ओसरीत घेऊन, तिच्यात मीठ कमी पडलं आहे, हे सांगायलाही वर येत. बहुधा ते खरंही निघे. एकदा पवनीचा माझा एक मित्र न कळवता आला. पाहुणे चालत नाहीत म्हणून काकांनी त्याला फाटकातच अडवलं. मग उन्हात कशाला उभा ठेवायचा म्हणून ओसरीत बसवलं, चहा पाजला, मिलच्या गोष्टी सांगितल्या, तळलेली मासोळी आणि भात खाऊ घातला. संध्याकाळी मी शाळेतून आलो तेव्हा तो शेवटच्या बसनं परत गेला होता. "पोरगा चांगला हाये," काका म्हणाले, "पन पाहुने आनत नोका जाऊ."

मग त्यांचं वर येणं कमी झालं. अर्ध्या जिन्यात कठडा धरून थांबत आणि नियम तिथूनच ओरडून सांगत. तोही पुरा होत नसे, मध्येच दम लागे. मी त्यांना भंडाऱ्याला नेलं, तिथल्या दवाखान्यातून नागपूरला पाठवलं. बायपास करावी लागेल, डॉक्टर म्हणाले. केशरी रेशनकार्ड असेल तर सरकारी योजनेत सारं फुकट. काकांचं कार्ड पांढरं होतं, आणि त्या वेळी पांढऱ्या कार्डाला ती योजना लागू नव्हती. केशरी कार्ड मिळवायचं तर उत्पन्न मर्यादेच्या आत हवं. पेन्शन आणि धान धरून काका आत बसत होते. मर्यादेच्या वर जे जरासं सांडत होतं, तो माझा किराया होता.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज केला, तसे तलाठी चौकशीला आले. वरती कोणी राहतं का, एवढंच त्यांनी विचारलं. काकांनी त्यांना अंगणात नेऊन माझी खिडकी दाखवली, मी कोणते विषय शिकवतो तेही सांगितलं. अर्ज अर्थातच परत आला.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "काका, आता किराया घेऊ नका. खरंच घेऊ नका, म्हणजे खोटंही बोलावं लागणार नाही."

"फुकट राहिले त तुमी पाहुने झाले, गुर्जी. पाहुन्याले नळ बंद करा म्हनता येते का? मंग मी बोलू कोनासंग?"

मग मी खोली सोडतो, असं मी म्हणताच ते ओसरीतून उठून आत गेले. त्यानंतर कितीतरी दिवस एकही नवा नियम आला नाही. मी दुपारी मुद्दाम नळ सोडून पाहिला, तरी कोणी ओरडलं नाही.

शेवटी मी अड्याळच्या शाळेत बदली मागून घेतली. सामान टेम्पोत चढत असताना काका फाटकाशी उभे होते. "बदली सरकारनंच केली ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मागितली कोणी, ते त्यांनी विचारलं नाही.

खोली रिकामी झाली, दाखला मिळाला, कार्ड केशरी झालं. नागपूरला ऑपरेशन झालं तेव्हा रजा टाकून मी त्यांच्याजवळ राहिलो. वॉर्डात त्यांनी शेजारच्या पेशंटला आपला किरायादार म्हणूनच माझी ओळख करून दिली.

पुढं ती योजना पांढऱ्या कार्डालाही लागू झाली. किराया घ्यायला आता कसलीच आडकाठी राहिली नाही. मध्यंतरी एका रविवारी मी लाखनीला गेलो, तर खोली तशीच रिकामी होती. कोणी विचारायला येत नाही का, मी म्हटलं.

"येतेत ना. बँकेतला एक पोरगा त दोनदा येऊन गेला."

"मग?"

"खोली रिकामी नाही म्हनलो त्याले."

आम्ही चहा घेतला, मिलच्या गोष्टी झाल्या. दिवे लागायच्या वेळेला मी निघालो तसे काकाही उठले. मला वाटलं, फाटकापर्यंत पोचवायला येत असतील. पण ते जिन्याकडं वळले आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागले. मी रस्त्यावर पोचलो तेव्हा वरच्या खोलीतला दिवा लागला. खिडकी उघडली आणि काका बराच वेळ तिथं उभे राहिले.